हाताखालची काठी

मी एक जुनी काठी आहे. मित्रांनो, काठी म्हटले की तुम्हाला गुरुजींची छडी आठवेल, नाहीतर म्हाताऱ्या माणसांची टेकायची काठी. मी त्या दोघींपैकी कुणीच नाही. मी आजवर कुणाला मारलेले नाही. कोंबड्या हाकलल्या आहेत, पण ती हकीकत पुढे येईलच. मी पेंटरची काठी आहे.

पेंटरला काठी कशाला, असे तुम्ही विचाराल. मी अडीच हात लांब आणि करंगळीपेक्षा थोडी जाड आहे. माझ्या एका टोकाला कापसाचा बोळा असून त्यावर मऊ कापड बांधलेले आहे. ते माझे मुंडासे. पाटीवर अक्षरे काढताना पेंटर मला डाव्या हातात धरतो, माझे मुंडासे कोरड्या जागेवर टेकवतो आणि उजवे मनगट माझ्या पाठीवर ठेवून ब्रश चालवतो. त्यामुळे हात ओल्या रंगात पडत नाही आणि रेघ वाकडी जात नाही. रंग लागतो ब्रशला, नाव होते पेंटरचे, आणि आम्ही मधल्यामध्ये आडव्या. पण माझी तक्रार नाही. हाताच्या इतके जवळ राहायला मिळाले, हेच माझे भाग्य.

माझा जन्म शिराळ्याच्या डोंगरातला. मी चिव्याची, म्हणजे भरीव, बारीक बांबूची. सांगलीत जोतिबा पेंटर नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी मला निवडून तोडले, महिनाभर सावलीत वाळवले आणि काचेच्या तुकड्याने तासून गुळगुळीत केले. माझे पहिले मुंडासे त्यांच्याच जुन्या धोतराचे होते. मी त्यांच्याच हाताखाली आयुष्य काढणार असे मला वाटले होते. पण त्यांनी मला केले होते दुसऱ्या कुणासाठी तरी.

त्यांच्याकडे इलाही नावाचा एक तरुण काम शिकत होता. कडेगावजवळच्या खेड्यातून आलेला, अठरा वर्षांचा, बोलायला कमी. त्याचे वडील गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई लावायचे. जोतिबांनी वर्षभर त्याला फक्त उभ्या आणि आडव्या रेघा मारायला लावल्या. मग एके दिवशी त्यांनी मला त्याच्या हातात दिले.

"हात झ्याक हाय तुझा," जोतिबा म्हणाले, "पर उडतोय. हिच्यावर टेक त्याला. आन् एक ध्यानात ठेव. म्होरं जे हाय ते समदं बघायचं. आपल्याला पायजे तेवडंच बघू नगं."

हे वाक्य तुम्हीही ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

इलाही मला घेऊन गावी आला आणि आमचा संसार सुरू झाला. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरची सुवचने, दूध संस्थेचे फलक, दारांवरची नावे. मग उसाच्या ट्रॉल्या आल्या. ट्रॉलीच्या मागच्या बाजूला लोखंडी फाळका असतो. त्याच्यावर कुणाला मोर हवा असायचा, कुणाला कमळ. पण आमच्याकडे बहुतेकांना हवा असायचा बैल, आणि तोही आपल्या स्वतःच्या गोठ्यातला.

बैल काढायची इलाहीची एक रीत होती. ज्याचे चित्र काढायचे त्याला आधी हात लावायचा. तो गोठ्यात जायचा, बैलाच्या मानेवरून, वशिंडावरून, शिंगांवरून हात फिरवायचा, त्याचे नाव विचारायचा आणि तसाच परत यायचा. कागद नाही, पेन्सिल नाही. "हातानं बघितल्यालं ऱ्हातं," असे तो म्हणायचा. शिवाय दरवर्षी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, पाच-सहा गोठ्यांतले लोक त्याला बैलांची शिंगे रंगवायला बोलवायचे. अशा वेळी मी घरीच. जिवंत बैलाच्या शिंगाला काठी टेकवली तर पेंटर आणि काठी दोघेही गोठ्याबाहेर पडतील, हे तुम्हाला सांगायला नको.

हे सगळे तो शिकला कुठे? एरवी मी त्याच्या पिशवीतून डोके बाहेर काढून असे, म्हणून मला ठाऊक आहे. सांगलीला गेला की तो हळदीच्या बाजारात जायचा. घ्यायचे काही नसायचे. व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पारखायचे, तेव्हा हा त्यांच्या खांद्यावरून बघत उभा राहायचा. "पिवळा एक नसतोय," तो मला सांगायचा, "वरचा येगळा, आतला येगळा." हो, तो माझ्याशी बोलायचा. माणसांशी कमी बोलणाऱ्यांना कुणीतरी लागतेच. कधी तो कृष्णेच्या घाटावर बसून पाण्यातल्या पायऱ्या बघायचा. मोहरमच्या दिवसांत कडेगावात उंच ताबूत उभे राहायला लागले की कारागिरांच्या हातातल्या रंगीत कागदांपाशी तासन् तास थांबायचा.

पण त्याचा खरा गुरू जोतिबांच्याही आधीचा होता. लहानपणी तो वडिलांच्या कल्हईच्या भट्टीपाशी बसायचा. काळेकुट्ट पातेले तापायचे, नवसागराचा पांढरा धूर निघायचा आणि कापसाचा बोळा फिरला की क्षणात पातेल्यात चांदी पळायची. ती पळणारी चमक त्याच्या मनात कायमची बसली. बैल काढून झाला की शेवटी तो डोळ्यात पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. त्याला तो 'अब्बांची कल्हई' म्हणायचा. तो ठिपका पडेपर्यंत फाळक्यावर नुसते चित्र असायचे. ठिपका पडला की बैल आमच्याकडे बघायला लागायचा.

कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॉल्यांची रांग लागली की लोक लांबूनच ओळखायचे, "ह्यो इलाहीचा बैल हाय." हे ऐकले की माझी पाठ अजूनच सरळ व्हायची. अर्थात माझे नाव कुणी घेतले नाही. एकदा एका मास्तरांनी मला हातात घेऊन विचारले, "ही पट्टी कशाची?" पट्टी म्हणे.

मित्रांनो, मग फ्लेक्स आला. तो कसा आला हे तुमच्या घरच्या मोठ्यांना विचारा. चार दिवसांची पाटी तासाभरात छापून मिळायला लागली. इलाहीचे काम हळूहळू कमी झाले आणि माझे त्याच्या आधीच जवळजवळ बंद पडले. काही दिवस मी कोपऱ्यात उभी होते. नंतर इलाहीची बायको सुरय्या हिने मला खिडकीला टेकू म्हणून लावले. मग अंगणात आलेल्या कोंबड्या हाकलायला नेले. आणि शेवटी कपड्यांची दोरी मध्ये लोंबायला लागली म्हणून मला दोरीखाली उभे केले. सुरय्याचा मला राग नाही. ती कामाची बाई, रिकामी वस्तू तिला बघवत नाही. पण ज्या पाठीवर बैल आणि मोर घडले, त्या पाठीवर ओल्या चादरी पेलताना मला फार वाईट वाटायचे.

माझी आशा एकच होती. इलाहीची मुलगी अर्शिया. ही पोर चालायला लागल्यापासून बापाच्या मागे. तो फाळका रंगवायचा आणि ही खाली मातीत खडूने बैल काढायची. एकदा तिने आठ पायांचा बैल काढला होता. इलाही गंभीरपणे म्हणाला, "लय पळंल ह्यो." पुढे ती चित्रकला शिकायला सांगलीच्या महाविद्यालयात गेली. मला वाटले, चला, आता आपले दिवस फिरणार.

सुट्टीत ती घरी आली तेव्हा इलाहीने मला धुऊन पुसून तिच्यापुढे धरले.

"अब्बा, काठीवर हात ठेवला की हात भितो," अर्शिया हसत म्हणाली. "आमचे सर सांगतात, चित्र खांद्यातून काढायचं. मनगटातून नाही."

"आसंल," इलाही म्हणाला आणि मला परत दोरीखाली लावून आला. मी त्या पोरीवर चांगलीच रुसले. पण तिची चित्रे खरेच मोठी आणि मोकळी होती. रुसून का होईना, खरे ते सांगितले पाहिजे.

आता जे सांगणार आहे ते घरात सगळ्यांच्या आधी मला कळले होते. कुणाच्या तरी दाराची पाटी रंगवायला इलाही मला अजूनही कधीतरी न्यायचा. दोन वर्षांपूर्वी अशाच एका पाटीच्या वेळी त्याचे मनगट माझ्या पाठीवर टेकले आणि मला थरथर जाणवली. बारीकशी. पुढच्या पाटीला ती वाढली होती. बेचाळीस वर्षे ज्या हाताचे वजन मी ओळखत होते, तो हात कापत होता. त्याने ब्रश खाली ठेवला आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "डोळं दुखत्यात. फ्लेक्स करून घ्या."

त्याने हे कुणालाही सांगितले नाही. पण सुरय्या त्याला चहा देताना कप अर्धाच भरायला लागली.

यंदा बेंदूर आठ दिवसांवर असताना आमच्या अंगणात ट्रॉली ओढत ट्रॅक्टर येऊन थांबला. कृष्णात आला होता. हा फौजेतून निवृत्त होऊन ऊसशेती करणारा, इलाहीपेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याच्या गोठ्यात हौशा नावाचा पांढराशुभ्र खिलार बैल होता. त्याची शिंगे चौदा बेंदरांना इलाहीनेच रंगवली होती. हौशा गेल्या थंडीत म्हातारपणाने गेला. कृष्णातची आई साळूबाई हिने त्याला वासरू असल्यापासून वाढवले होते.

"चाचा, फाळक्यावर हौशा काढून पायजे," कृष्णात म्हणाला. "आई तवापास्नं गोठ्यात पाऊल टाकंना. परवा म्हणाली, औंदा बेंदराला निवद कुणाला दावू? दावण मोकळी हाय."

"किस्ना, डोळं ऱ्हायलं न्हाईत रं माझं," इलाही म्हणाला. "फ्लेक्स लावून घे, गड्या."

"आवं चाचा, फ्लेक्सला निवद दावू व्हय?"

तेवढ्यात घरातून अर्शिया बाहेर आली. तिचे शेवटचे वर्ष होते आणि महिन्याभराने सांगलीत त्यांच्या वर्गाचे प्रदर्शन भरणार होते. प्रत्येकाने आपल्या चित्राबरोबर 'माझी प्रेरणा' म्हणून एक पान लिहून द्यायचे होते. तिने त्या पानावर तीन परदेशी चित्रकारांची नावे लिहिली होती आणि तिथेच तिची गाडी अडली होती.

"मी काढते," ती म्हणाली. "फोटो आहे का?"

फोटो एकच होता. कृष्णातने स्वतःच्या मोबाइलवर हौशाच्या गळ्यात हात टाकून काढलेला. अर्शियाने तो आपल्या मोबाइलवर घेतला, नुसता बैल दिसेल एवढा मोठा केला आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. मी दोरीखालून बघत होते. काय तो हात. खांद्यापासून फिरायचा. दोन दिवसांत वशिंड उभे राहिले, गळ्याखालची पोळी लोंबायला लागली, पाठीवर ऊन पडले. इलाही बाजल्यावर बसून सगळे बघत होता. त्याच्या तोंडावरचा आनंद मला एवढ्या लांबूनही दिसत होता.

तिसऱ्या दिवशी शिंगे आली. हौशाचे एक शिंग टोकाला आत वळलेले होते. इलाही उठून फाळक्यापाशी गेला.

"बेटा, वाकडं शिंग डावं न्हवतं का?"

"नाही अब्बा. उजवं. हे बघा की फोटोत."

त्याने चष्मा लावला आणि मोबाइल जवळ धरला. बैलाचे उजवे शिंग वाकडे होते. फोटोत तसेच स्पष्ट दिसत होते.

"व्हय," तो म्हणाला. "फोटूत तसंच हाय."

तो वळला आणि माझ्याजवळ, दोरीपाशी आला. सुरय्या कपडे वाळत घालत होती. तो हळू आवाजात तिला म्हणाला, "चौदा बेंदरं त्या शिंगाला ह्या हातानं रंग दिला. आता हात बी गेला आन् डोस्कं बी गेलं."

सुरय्याने हातातले धुणे बादलीत टाकले. "न्हाई गेलं," ती म्हणाली. "दमलाय तुमी."

त्या दिवशी दुपारी इलाहीने आपला ब्रशांचा डबा काढला. एकेक ब्रश साबणाने धुतला, केस बोटांनी नीट केले, लहान-मोठे लावून ठेवले आणि डबा अर्शियाच्या हातात दिला. "आता ह्ये तुझं," तो म्हणाला. पोरीला वाटले, बापाने शाबासकी दिली. तिने आनंदाने त्याच्या गळ्यात हात टाकले. ती शाबासकी नव्हती, मित्रांनो. तो निरोप होता. मी जागच्या जागी तळमळत होते, पण काठीला तोंड कुठे असते?

बेंदराच्या आदल्या दिवशी सकाळी कृष्णात आईला घेऊन आला. साळूबाई पंचाहत्तरीच्या. नजर अधू झालेली, पण पाय अजून चटपटीत. अर्शियाने फाळक्यावरचे कापड बाजूला केले. साळूबाई बघत राहिल्या. मग त्यांचा हात आपोआप वर गेला. रोज सकाळी त्या हौशाच्या वाकड्या शिंगाच्या बुडाशी खाजवायच्या आणि तो डोळे मिटून उभा राहायचा. तीच सवय. हात बैलाच्या डाव्या शिंगाकडे गेला आणि चार बोटे अलीकडेच थांबला. समोर शिंग सरळ होते.

साळूबाईंनी हात मागे घेतला. पुन्हा नेला. पुन्हा तिथेच.

"पोरी, बैल लय देखणा काढलाईस," त्या म्हणाल्या. "पर ह्यो आमचा हौशा न्हवं."

"काकी, फोटोवरूनच काढलाय," अर्शिया म्हणाली आणि मोबाइल पुढे धरला.

"मला त्यातलं काय दिसत न्हाई बाई. माझा हात हिकडं जातोय आन् वाकडं शिंग तिकडं हाय."

बाजल्यावर बसलेला इलाही उठला. "वैनी, डावं का?"

"डावंच की, पेंटर. वासरू हुतं तवा फाटकात अडकलं, तिथनं वाकडं झालं. तुमाला ठावं न्हाई व्हय? तुमीच तर दर साली रंगवायचा."

इलाही आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला.

अर्शियाने फोटो पुन्हा उघडला. आता पहिल्यांदाच तिने तो पूर्ण बघितला. हौशाच्या मागे गोठ्याचे दार होते आणि दारावर निळ्या रंगात काहीतरी लिहिलेले होते. अक्षरे ओळखीची वाटत होती, पण वाचता येत नव्हती. मग तिच्या लक्षात आले. ती उलटी होती, आरशात दिसावी तशी. गोठ्याच्या दारावर 'हौशा' हे नाव इलाहीनेच दहा वर्षांपूर्वी माझ्या पाठीवर हात टेकून लिहिले होते. कृष्णातने मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने स्वतःचा आणि बैलाचा फोटो घेतला होता आणि त्या मोबाइलने तो आरशासारखा उलटाच साठवला होता. उजवे ते डावे झाले होते. तिने फक्त बैल मोठा करून बघितला. तिच्या बापाची अक्षरे मागेच होती आणि तिने ती वाचली नव्हती.

"अब्बा," ती म्हणाली, "तुमचंच बरोबर होतं. मग बोलला का नाही?"

"बोललो की येकदा."

"पुन्हा का नाही बोलला? तुम्हाला तर खात्री असणार."

इलाहीने उजवा हात पुढे केला. तो कापत होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याने तो लपवला नाही. "हात असा कापतोय दोन वर्सं झाली," तो म्हणाला. "मला वाटलं, आता याद बी कापाय लागली."

कृष्णात उगाच ट्रॉलीच्या चाकाकडे बघायला लागला. अर्शियाने बापाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तिला रडू आले. साळूबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "रडू नगं. उद्या बेंदूर हाय. शिंग तेवडं बदल."

शिंगे बदलायला अर्शियाला दुपार पुरली. साळूबाई तोवर बाजल्यावर बसून होत्या. या वेळी मोबाइल घरात होता आणि इलाही शेजारी उभा होता. "बुडाला जाड हुतं. हितनं वळाय लागलं. न्हाई, एवडं न्हाई, जरा हळू." तो सांगत होता आणि ती काढत होती. शिंगे झाली. मग तिने फडक्याला टर्पेंटाइन लावले आणि आपण काढलेला डोळा पुसून टाकला.

"आगं, चांगला हुता की," इलाही म्हणाला.

"तो फोटोतला होता. हा तुम्ही काढा."

"रेघ हालंल माझी."

"हलू दे. काठी कुठाय?"

आणि मित्रांनो, ती पळत माझ्याकडे आली. तिने मला दोरीखालून उपसले तशी दोरी धाडकन खाली आली आणि सुरय्याचे धुतलेले सगळे कपडे मातीत लोळले. सुरय्या दारातून ओरडली, "आगं, चादरी!" पण अर्शियाच्या हातात मी दिसल्यावर ती कपडे गोळा करायला लागली. माझे जुने मुंडासे केव्हाच कुजून गेले होते. अर्शियाने आपल्या रंगाने माखलेल्या एप्रनचा एक तुकडा फाडला, कापूस घातला आणि मला नवे मुंडासे बांधले.

इतकी वर्षे पेंटर मला स्वतःच्या डाव्या हातात धरायचा. त्या दिवशी मला अर्शियाने धरले, दोन्ही हातांनी, छातीशी घट्ट. मुंडासे फाळक्याच्या कडेला टेकले. इलाहीने ब्रश घेतला आणि मनगट माझ्या पाठीवर ठेवले. थरथर होतीच. ती माझ्या अंगातून गेली, अर्शियाच्या मुठींपर्यंत पोहोचली आणि तिथे पुष्कळशी जिरली. मला इतकी वर्षे वाटायचे की हाताला आधार मी देते. मलाही कुणीतरी धरलेले असते, हे मी विसरलेच होते.

डोळ्याची वरची रेघ बरी आली. खालची जरा हलली. इलाही ती पुसायला निघाला.

"राहू दे अब्बा," अर्शिया म्हणाली.

साळूबाई जवळ येऊन निरखून बघत होत्या. "ऱ्हाऊ द्या, पेंटर," त्याही म्हणाल्या. "म्हातारपणी त्याच्या डोळ्याला पाणी यायचं. तसंच दिसतंय."

मग इलाहीने ब्रशच्या टोकावर पांढरा रंग घेतला. जोंधळ्याच्या दाण्याएवढा. क्षणभर हात हवेत थांबला, माझ्यावर टेकला आणि ठिपका पडला. अब्बांची कल्हई. हौशा आमच्याकडे बघायला लागला. साळूबाईंचा हात पुन्हा वर गेला, वाकड्या शिंगाच्या बुडाशी, आणि या वेळी तो बरोबर जागी थांबला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फाळक्याला कुंकू लावले, समोर पुरणपोळी ठेवली आणि हात जोडले. ती पोळी नंतर कृष्णातच्या शेळीने खाल्ली, पण साळूबाई म्हणाल्या, पोहोचली ज्याला पोहोचायची त्याला.

सांगलीच्या प्रदर्शनात अर्शियाचे चित्र मोठ्या भिंतीवर लागले होते. चित्रात चेहरा कुणाचाच नाही. एक आडवी काठी, तिच्यावर टेकलेला म्हातारा हात आणि काठी धरलेल्या दोन तरुण मुठी. शेजारी 'माझी प्रेरणा'चे पान होते. तीन परदेशी नावे तिने खोडली नव्हती, ती खाली सरकवली होती. वर तिने बापाला विचारून विचारून लिहिले होते: कल्हईची भट्टी, मोडलेले हळकुंड, गोठ्याच्या दारावरची निळी अक्षरे. तिला मलाही चित्राशेजारी खिळ्यावर टांगायचे होते. इलाही म्हणाला, "तिला भिंतीवर नगं टांगू. तिला काम हाय." या एका वाक्यासाठी मी चव्वेचाळीस वर्षे थांबले होते.

काम खरेच आहे. हौशाला बघून चार-पाच जण आपापल्या बैलांसाठी आले. चित्र अर्शिया काढते, डोळा इलाही काढतो. ती सांगलीला असली की सुरय्या मला धरते. "लवकर काढा, माझा हात अवघडला," असे कुरकुरते, पण हलत नाही. कपड्यांच्या दोरीला आता नवीन बांबू आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाचा तरी हात कापत असेल. तुमच्या आजोबांचा असेल, आजीचा असेल. त्यांच्या हातातले काम गुपचूप काढून घेऊ नका. 'तुम्हाला आठवत नाही' असे तर मुळीच म्हणू नका. हात कापला म्हणून माणसाने आयुष्यभर हाताने पाहिलेले पुसले जात नाही. तुम्ही फक्त हाताखाली काहीतरी धरा, आणि घट्ट धरा. बाकीचे त्यांना येते.